साटीनवरच्या खुणा

आमच्या शिवणाच्या दुकानात पूर्ण उंचीचा आरसा एकच होता आणि तो ताईच्या बाजूला होता. माझ्या बाजूला खिडकी, इस्त्रीचं टेबल आणि काजबटणांचे डबे. ही वाटणी आईने केली, आम्ही दोघी तिच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा. "तिला गिऱ्हाइकापुढे उभं राहावं लागतं," आई म्हणाली, "तुला गं आरशाचं काय काम?" आई दुष्ट नव्हती. ती कापडाबद्दल बोलावं तसं माणसांबद्दल बोलायची. कमी भरलं तर कमी, जास्त भरलं तर जास्त.

मी जास्त भरलेली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आणि अंगाने माझ्या निम्मी. घरात तिला छडी म्हणत आणि मला ढमी. तिने नुसती चादर गुंडाळून घेतली तरी ती कुणीतरी बेतून शिवल्यासारखी दिसायची. दुकानाच्या खिडकीत एक बिनडोक्याचा पुतळा होता. आईने तो कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून आणला आणि विशीतल्या ताईला समोर उभं करून, कापूस आणि चिंध्या गुंडाळून गुंडाळून त्याचं माप ताईच्या मापाला आणलं. तेव्हापासून खिडकीत जे काही लागायचं ते ताईच्याच अंगावर लागायचं म्हणा ना. रस्त्याने जाणारी माणसं थांबून पाहायची. मी दुकानात एकटी असले की त्या पुतळ्याच्या कमरेत टाचण्या खुपसून ठेवायचे, अगदी बुडापर्यंत. टाचण्या पुतळ्यालाच टोचतात, त्यामुळे कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

आमचे हेसुद्धा दुकानात पहिल्यांदा आले ते ताईपायीच. हे बस चालवायचे. गणवेशाचं बटण तुटलंय म्हणून आले आणि बोलताना सगळा वेळ आरशाच्या बाजूला बघत राहिले. पुढच्या आठवड्यात आणखी एक बटण तुटलं. बटणं लावायचं काम माझं. असं होता होता त्यांच्या गणवेशाची सगळी बटणं माझ्या हातची झाली, तेव्हा कुठे त्यांची मान वळली. लग्नानंतर म्हणायचे, "अगं, तुझ्यासाठीच तोडत होतो मी." मी हसायचे. पण पहिलं बटण कुणासाठी तुटलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते मी कधी विसरले नाही.

ताईने लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "माझ्या मापाचा मिळालाच नाही."

पन्नाशी उलटली तेव्हा माझी गत अशी होती की दुकानावरच्या आमच्या घरात जायला एकच जिना, पण मी मध्ये दोनदा बसायचे. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. झोपेत श्वास थांबतो म्हणून नाकावर मुखवटा लावून झोपावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलून देतो, पण हे वजन नव्या गुडघ्यांनाही पेलणार नाही. आधी पोट लहान करायची शस्त्रक्रिया करून घ्या, नाहीतर पुढची दहा वर्षं तुम्हाला मिळतील असं मला वाटत नाही. हे त्यांनी शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

मी ताईला सांगितलं तेव्हा ती कापत होती. तिने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे पोट कापून बारीक व्हायचं?"

"जगायचंय गं ताई. जिना चढवत नाही मला."

"मग मी आयुष्यभर केलं ते काय होतं?"

त्या वेळी मला तिचं बोलणं कळलं नाही. ताईला भूक कमी, हे आमच्या घरातलं पक्कं गणित होतं. ती अर्ध्या ताटावरून उठायची आणि उरलेलं माझ्याकडे सरकवायची. मला वाटे, तिचा पिंडच तसा.

शस्त्रक्रिया झाली. लोकांना वाटतं, गुंगी उतरली की माणूस बारीक होऊन उठतो. पहिले दिवस मी चमच्याने पाणी प्यायले. एक घोट जास्त गेला तर छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं. मग पातळ सूप, मग कुस्करलेलं मऊ अन्न, तेही लहान मुलाच्या वाटीतून. घाईने गिळलं की ओकारी. केस मूठमूठ गेले. हातांची कातडी लोंबायला लागली, इस्त्री फिरवताना ती झोका घ्यायची. पण जिना! त्या जिन्यावर मी एक दिवस न बसता वर गेले आणि वरून ह्यांना हाक मारली. ते खालीच रडत उभे.

वजन उतरून स्थिरावलं तेव्हा इस्पितळातल्या आहारवाल्या बाईंनी बोलावलं. ताई सोबत आली होती. बाई म्हणाल्या, "आता खरं काम. दर महिन्याला वजन करायचं."

काट्याचं आणि माझं जुनं वैर. लहान असताना धान्याच्या दुकानात मला कुणीतरी गंमत म्हणून पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं होतं. दुकानदार ओरडला, "हिचा काय भाव लावू?" सगळं दुकान हसलं. ताईसुद्धा. तेव्हापासून काटा दिसला की मी वाट बदलते. बाईंना मी हे सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही शिवणाऱ्या आहात ना? मग एक अंगाबरोबर बेतलेला ड्रेस शिवा. ताणत नाही अशा कापडाचा. महिन्यातून एकदा घालून बघायचा. घट्ट झाला की त्याच आठवड्यात माझ्याकडे. दीड-दोन वर्षांनी भूक परत येते, शरीर जुनी वाट शोधायला लागतं. लवकर आलात तर वळवता येतं. उशीर केलात तर सगळं परत येतं, साखरेसकट. अशी खूप माणसं बघितलीत मी."

"मी शिवते," ताई म्हणाली.

वांगी रंगाचं साटीन तिने स्वतः आणलं. माझं माप घेताना कमरेला फीत लावली, आकडा पाहिला, फीत सोडली आणि परत लावली. ड्रेस शिवून झाला तेव्हा घेर सारखा करायला तिने तो पुतळ्यावर चढवला. टाचणी लावावी लागली नाही. पुतळ्याला तो असा बसला जसा आयुष्यभर त्याचाच होता. आम्ही दोघी बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी पुतळा खिडकीतून निघून आतल्या पडद्यामागे गेला. "उन्हाने कापडाचा रंग उडतो," ताई म्हणाली. इतकी वर्षं ऊन कुठे गेलं होतं कोण जाणे.

मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? नवी गिऱ्हाइकं मला मालकीणबाई म्हणू लागली. मी कामाचं निमित्त काढून आरशाच्या बाजूला जायचे. ताईचं त्या सुमारास थोडं पोट सुटलं होतं, वयामुळे. पोस्टातल्या एक बाई नेहमी यायच्या. त्या एकदा तिला म्हणाल्या, "अहो, तुमची धाकटी काय दिसायला लागलीय हो! तुम्हीपण घ्या ना करून." ताई तेव्हा त्यांचीच बाही टाचत होती. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. त्या दिवशी मी उगीचच गुणगुणत होते.

ड्रेस दुकानातच पडद्यामागे टांगलेला असायचा, कारण आरसा तिथे. महिन्याच्या पहिल्या सुट्टीला मी तो घालायचे. चेन सर्रकन वर जायची. ताई बाजूला उभी राहून म्हणायची, "बसला गं बाई," आणि मी महिनाभर निर्धास्त.

याच काळात दुकानात बिस्किटांचा डबा आला. ताईने आणला. "गिऱ्हाइकांना बसवून ठेवायला बरं," म्हणाली. डबा राहिला मात्र माझ्या टेबलावर. बाईंनी सांगितलं होतं, आधी डाळी-अंडी, पोटाला जड असं खा, आणि जेवताना पाणी नको. ते मी पाळत होते. पण चहात बुडवलेलं बिस्कीट हे खाणं आहे असं मला वाटलंच नाही. ते पोटात बसत नाही, विरघळून पुढे जातं. एक काज, एक बिस्कीट. भूकही परत आलेली, दुपारच्या वेळी मांजरासारखी पायात घोटाळायची.

गुडघा कुरकुरायला लागला. एका सकाळी हे म्हणाले, "मुखवटा काढून ठेवलास खरा, पण इंजिन परत सुरू झालंय हो रात्रीचं."

"काहीतरीच. ड्रेस नीट बसतो मला."

"ड्रेसला काय विचारतेस? जिन्याला विचार."

मी चिडले. इतकी वर्षं शिवणकामात घालवलेल्या बाईला कपड्याचं शहाणपण एका ड्रायव्हरने शिकवावं! साटीन ताणत नाही. साटीन खोटं बोलत नाही. वर्षाच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा मी लग्नसराईच्या कामाचं कारण सांगून टाळला. ड्रेस बसतोय ना, मग कशाला?

मग एका सुट्टीच्या दिवशी ड्रेसचा वरचा हूक निघाला. ताई बाहेर गेली होती. मी ड्रेस उलटा करून खिडकीशी बसले, सुईत दोरा ओवला आणि सहज कापड उजेडात धरलं.

बगलेपासून कमरेपर्यंत प्रकाशाचे बारीक ठिपके दिसले. ओळीने. साटीनला एकदा सुई टोचली की ते छिद्र कायमचं, वाफ द्या, इस्त्री करा, बुजत नाही. जिथे शिवण असते तिथे छिद्रं दोऱ्याने भरलेली असतात. ही रिकामी होती. शिवण त्यांच्या बाहेर सरकलेली. मी जवळ घेऊन पाहिलं. एक ओळ नव्हती, तीन होत्या, एकीच्या बाहेर एक, पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा. आणि शेवटच्या शिवणीबाहेर अजूनही बोटभर कापड आत दुमडून ठेवलेलं होतं.

ड्रेस मांडीवर पडला. हात पोटावर गेला आणि हाताला ते पोट कळत होतं, जे डोळ्यांनी महिनोन्‌महिने पाहिलं नव्हतं.

ताई आली. पिशवी ठेवली. "हूक लावलास?"

"इकडे ये. उजेडात बघ."

तिने पाहिलं नाही. तिला पाहायची गरज नव्हती.

"केव्हा सोडलीस ही शिवण?"

"कुठली?"

"ताई, याच दुकानात म्हातारी झालेय मी."

ती स्टुलावर बसली. टेबलावरचा खडू उचलून या हातातून त्या हातात करत राहिली. "चेन अडली असती. तोंड उतरलं असतं तुझं. म्हणून जरा सैल केलं. पहिल्यांदा तुझ्यासाठीच केलं मी."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा बरं वाटलं."

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा वाट बघत होते." खडू मोडला. "कधी करावं लागतंय याची."

मी ओरडले असते तर बरं झालं असतं. "मी मेले असते गं. त्या बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. साखरेसकट परत येतं म्हणाल्या होत्या."

"मरायला कुठे सांगत होते मी तुला! मला फक्त पूर्वीची ढमी हवी होती."

"का?"

"का म्हणजे?" आता ती उठली. "तुम्ही सगळे म्हणायचात, ताईला भूकच नाही. मला भूक होती! रोज होती. भुकेने पहाटे जाग यायची मला. पण त्या पुतळ्यात मावायचं होतं. दुकान त्याच्यावर चाललं होतं, आई रोज त्याच्याकडे बघून माझ्याकडे बघायची. माझ्या ताटातलं तुझ्याकडे सरकवायची ना, तेव्हा तुझ्या प्रत्येक घासाकडे बघत बसायची मी. आणि तू काय केलंस? झोपलीस आणि बारीक होऊन उठलीस!"

"झोपून उठले? ओकाऱ्या कुणी काढल्या? केस कुणाचे गेले?"

"मला केस नाही दिसले. मला कंबर दिसली." तिचा आवाज खाली आला. "तू जाडी होतीस तेव्हा मी कुणीतरी होते."

"आणि तू बारीक होतीस तेव्हा मी कुणीच नव्हते. पन्नास वर्षं. तरी मी तुझं काही बिघडवलं नाही. तुझ्या त्या मेल्या पुतळ्याला टाचण्या टोचल्या, तुला नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "सकाळी काढायची मीच."

खरं सांगते, मला हसू आलं. रडताना आलेलं हसू फार वाईट असतं, ते थांबत नाही. तीही हसली असेल, मी बघितलं नाही.

मग मी उठले आणि ड्रेस तिच्या हातात दिला. "पहिल्या ओळीवर घे परत."

"नाही बसायचा तुला."

"ते मला बघायचंय."

तिने तिथल्या तिथे शिवणी उसवल्या आणि ड्रेस माझ्या अंगावर चढवून पहिल्या ओळीवर टाचला, आरशासमोर. पाठीमागे चेनच्या दोन बाजूंमध्ये तळहात मावेल एवढी फट राहिली. मी आरशात पाठ वळवून ती फट पाहिली. काट्यावर उभं राहिल्यासारखंच वाटलं, फक्त या वेळी दुकानात हसायला कुणी नव्हतं.

"आता बाहेरचं काप," मी म्हणाले.

"काय?"

"ओळीच्या बाहेरचं कापड. शिवणीला लागतं तेवढं ठेव, बाकी काप."

"वेड लागलंय का? एकदा कापलं की संपलं. परत सोडता येत नाही."

"म्हणूनच. इतकं जादा कापड आत ठेवलंस, तेव्हाच ठरवलं होतंस का गं?"

याचं उत्तर तिने आजतागायत दिलेलं नाही. तिने ड्रेस टेबलावर पसरला आणि कात्री घेतली. ताई कापड कापताना कधी थांबलेली मी पाहिली नाही, नवरीच्या कपड्याला हात घालतानाही तिचा हात कधी डगमगला नव्हता. त्या दिवशी ती दोनदा थांबली. वांगी रंगाच्या पट्ट्या जमिनीवर पडत गेल्या. शिवून झाल्यावर तिने ड्रेस पुतळ्यावर चढवला. पुतळ्याला तो बसला. मला बसत नव्हता, आणि ते आता ड्रेसच्या हातात नव्हतं.

दोन दिवसांनी मी आहारवाल्या बाईंसमोर काट्यावर उभी राहिले. डोळे मिटून, पण राहिले. त्या रागावतील असं वाटलं होतं. "परत येणारी माणसंच कमी," एवढंच म्हणाल्या आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आधी पोटाला जड ते, पाणी वेगळं, सोबत गोळ्या, रोज चालणं. बिस्किटांचा डबा मी ताईच्या बाजूला नेऊन आपटला. सगळंच्या सगळं उतरलं नाही, तेवढं उतरतही नाही म्हणतात. पण पुढच्या हिवाळ्याच्या आत चेन वर गेली. श्वास रोखून, पण गेली. ताई शेजारी उभी होती. "बसला," म्हणाली. 'गं बाई' म्हणाली नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. हे गेले. दुकान ह्यांच्या भाचीच्या मुलीकडे गेलं. आम्ही दोघी वरच्या घरात एकत्र राहतो, आरसा वर आणलाय आणि तो खिडकीशेजारी आहे, दोघींच्या मधोमध. माझं वजन टिकलं याचं लोकांना नवल वाटतं. इस्पितळातल्या नव्या बायकांशी बोलायला मला बोलावतात. मी त्यांना जेवणाचं सांगते, चालण्याचं सांगते, काट्यावर उभं राहा म्हणते. सगळं खरं आहे. पण हे सगळं पाठ असलेल्या बायका परत जाड होताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे ताई नाही. महिन्यातून एकदा जी त्यांच्या चेनकडे डोळे लावून बसते, आणि जिला तो आनंद द्यायचा नाही म्हणून माणूस दुसरी वाटी बाजूला सारतं, अशी बहीण त्यांना नाही.

गेल्या महिन्यात चेन मध्येच अडली. ऐंशी पार केलेल्या ताईचे डोळे चष्म्यामागे असे काही लकाकले!

"घट्ट झाला गं, ढमे."

"चेन जुनी झालीय."

"चेन मीच बदललीय. मागच्या महिन्यात."

मी ड्रेस उतरवला, बूट घातले आणि काठी घेतली.

"तळ्याकडून जा," ती मागून म्हणाली. "लांब पडेल तेवढं चांगलं."

दारातून वळून पाहिलं तर तिने डबा उघडला होता. हल्ली ती पोटभर खाते. एकामागून एक बिस्कीट चहात बुडवत होती, घाई नाही, लाज नाही. आणि मेलीच्या अंगाला काही म्हणजे काही लागत नाही.